जाहिरात पेपरात आली, म्हणजे ती कुणी तपासली आहे का?

"डॉक्टर, एवढ्या मोठ्या पेपरात अर्धे पान जाहिरात होती. खोटी असती तर सरकारने बंद केली नसती का?" मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करून आलेल्या रुग्णाला कारण विचारले, की बहुतेक वेळा याच धर्तीचे उत्तर मिळते. कधी रुग्ण बोलतो, कधी सोबत आलेला मुलगा किंवा सून. हा प्रश्न अजिबात बाळबोध नाही. आपण पूल ओलांडतो तेव्हा तो कुणीतरी तपासला असेल असे धरून चालतो. औषधाच्या जाहिरातीबद्दलही आपण तसेच धरून चालतो.

पण आपल्या देशात बहुतांश आरोग्यविषयक जाहिराती प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणतीही सरकारी यंत्रणा तपासत नाही. तपासणी होते ती नंतर, तीही कुणी तक्रार केली तर. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिराती आधी तपासण्याची सोय करणारा एक नियम होता, तोही आता राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या पतंजली प्रकरणाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बाबा रामदेव यांची माफी आणि न्यायाधीशांचे कडक शब्द बहुतेकांच्या लक्षात आहेत. त्या प्रकरणातून तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यासाठी काय निष्पन्न झाले, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

कायदा १९५४ चा आहे

या विषयावर कायदाच नाही, असा एक समज आहे. कायदा आहे, आणि तो सत्तर वर्षांचा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची आणि अवस्थांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, उच्च व कमी रक्तदाब, अपस्मार म्हणजे फिट्स, लठ्ठपणा, मोतीबिंदू, काचबिंदू, मूतखडा, पक्षाघात, संधिवात, कोड, क्षयरोग, वंध्यत्व, लैंगिक दुर्बलता हे सगळे त्यात आहे. या आजारांचे निदान, उपचार, प्रतिबंध किंवा ते बरे करण्यासाठी अमुक औषध वापरा, असे सुचवणारी जाहिरात सामान्य लोकांपुढे करायला या कायद्याने मनाई आहे.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या कलमाखाली दावा खरा की खोटा हा प्रश्नच येत नाही. उद्या एखादे औषध खरोखर मधुमेहावर उत्तम निघाले, तरी "आमच्या गोळीने मधुमेह बरा करा" अशी जाहिरात लोकांसाठी करता येत नाही. या आजारांत औषध निवडण्याचा निर्णय तपासणीनंतरच व्हावा, जाहिरात पाहून होऊ नये, हा त्यामागचा विचार. कायदा सर्व पॅथींना लागू आहे. ताईत, मंत्र, कवच यांनाही तो "जादुई उपाय" म्हणून लागू होतो. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी वेगळे कलम आहे. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत.

"हा भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे" हा युक्तिवादही तेव्हाच होऊन गेला. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा औषधांची व्यापारी जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणाचा विषय नाही. कायद्याचा काही भाग न्यायालयाने रद्द केला, पण गाभा टिकला. म्हणजे शब्द स्पष्ट आहेत, न्यायालयाचा शिक्काही आहे. अडचण अंमलबजावणीत आहे.

पतंजली प्रकरण: तारखा एकापुढे एक ठेवून पाहा

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळमधील नेत्रतज्ज्ञ डॉ. के. व्ही. बाबू यांनी दिव्य फार्मसीच्या काही उत्पादनांच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. मधुग्रिट, बीपीग्रिट, थायरोग्रिट, लिपिडोम, आयग्रिट गोल्ड ही ती नावे. कोणत्या आजारासाठी हे वेगळे सांगायची गरजच पडू नये, अशी नावांची रचना आहे. आयुर्वेदिक औषधाचा परवाना राज्य सरकारचा परवाना अधिकारी देतो आणि ही कंपनी हरिद्वारची, त्यामुळे चेंडू उत्तराखंडच्या कोर्टात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या अधिकाऱ्याने पाच उत्पादने थांबवण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला.

दरम्यान जुलै २०२२ मध्ये ॲलोपॅथीविषयी "गैरसमज" दूर करण्याच्या नावाखाली मोठ्या जाहिराती आल्या. ऑगस्टमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, सर्वोच्च न्यायालयात गेली. २१ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने तंबी दिली, की अमुक उत्पादन अमुक आजार पूर्ण बरा करते असा खोटा दावा केल्यास प्रत्येक उत्पादनामागे एक कोटी रुपये दंड लावण्याचा विचार केला जाईल. कंपनीच्या वकिलांनी हमी दिली. दुसऱ्याच दिवशी रामदेव यांनी पत्रकार परिषद घेतली. २७ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली आणि अशा जाहिरातींना मनाई केली. एप्रिलमध्ये माफीनामे आले, ते नाकारले गेले, मग ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली गेली. तिचा आकार जाहिरातींएवढा होता का, अशी विचारणा न्यायालयाने केली. मला स्वतःला संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत रास्त प्रश्न वाटतो. जाहिरात अर्धे पान आणि दुरुस्ती चार ओळी, तर रुग्णाच्या मनात काय उरणार?

१५ एप्रिल २०२४ च्या आदेशाने उत्तराखंडने १४ उत्पादनांचे परवाने निलंबित केले. तक्रारीला दोन वर्षांहून अधिक काळ उलटला होता. आणि मे महिन्यात त्याच राज्य सरकारने या निलंबनाला स्थगिती दिली. निलंबनाची बातमी सगळ्यांनी वाचली, स्थगितीची किती जणांनी वाचली हा प्रश्नच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण बंद झाले.

कोरोनिलचा हिशेबही असाच आहे. २३ जून २०२० ला ते कोरोनावरचा उपाय म्हणून पुढे आणले गेले. आयुष मंत्रालयाने लगेच जाहिरात थांबवायला सांगितली. परवाना प्रतिकारशक्ती, खोकला आणि ताप यांसाठी दिला होता, असे उत्तराखंडच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी राज्यात त्याची विक्री होऊ देणार नाही, असे सांगितले. म्हणजे सुरुवात तर तत्पर होती. तरीही त्या दाव्यांचा मजकूर तीन दिवसांत काढून टाका, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आला तो जुलै २०२४ मध्ये. तोवर चार वर्षे गेली होती आणि महासाथही ओसरली होती.

या सगळ्यात एक तुलना मला सतत खटकते. डिसेंबर २०२४ मध्ये डाबरने च्यवनप्राशाच्या जाहिरातीवरून पतंजलीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्या मालाची बदनामी होते, ही तक्रार. जुलै २०२५ मध्ये डाबरला अंतरिम मनाई मिळालीसुद्धा. व्यापाऱ्याचे नुकसान झाले की त्याच्याकडे वकील असतो, आकडे असतात, लगेच धावण्याचे कारण असते. रुग्णाचे नुकसान घरोघरी विखुरलेले असते आणि ते जाहिरातीमुळे झाले, हे बहुधा त्याला स्वतःलाही कळत नाही.

आधी तपासणी सांगणारा नियम कुठे गेला?

डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमावलीत नियम १७० आला. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधाची जाहिरात करण्यापूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि क्रमांक मिळाल्यावरच जाहिरात द्यायची. उत्पादकांनी त्याला मुंबईसह काही उच्च न्यायालयांत आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नका असे कळवले. म्हणजे पतंजलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असताना! न्यायालयाने याबद्दल जाब विचारला. १ जुलै २०२४ ला मंत्रालयाने अधिसूचना काढून नियमच वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी आयएमएची याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठवली गेली.

त्यामुळे आज स्थिती अशी आहे: १९५४ चा कायदा लागू आहे, मनाई कायम आहे, पण जाहिरात येण्यापूर्वी ती अडवणारा फाटकावरचा माणूस नाही. नियम १७० मध्ये उणिवा होत्या, राज्यांकडे माणसे नव्हती, हे मान्य. पण राखणदार कमी पडतो म्हणून फाटकच काढून टाकणे मला पटत नाही.

त्याच्या जागी काय आले? ७ मे २०२४ च्या आदेशानुसार जाहिरातदाराने "माझी जाहिरात दिशाभूल करणारी नाही" असे स्वयंघोषणापत्र सरकारी पोर्टलवर भरायचे. जुलै २०२४ मध्ये ही अट अन्न आणि आरोग्य क्षेत्रापुरती आणि वर्षातून एकदा अशी सौम्य करण्यात आली. स्वयंघोषणा म्हणजे परीक्षार्थ्याने स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर केलेली सही. पुढे खटला चालला तर तिचा उपयोग होईल, आज जाहिरात वाचणाऱ्याला नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना १९५४ च्या कायद्याखाली तक्रार निवारणाची यंत्रणा दोन महिन्यांत उभारायला सांगितले, हे त्यापेक्षा उपयोगाचे.

बाटलीवरचा परवाना क्रमांक काय सांगतो?

"पण यावर सरकारी लायसन्स नंबर आहे," असे रुग्ण बाटली दाखवून सांगतात. तो क्रमांक त्या कारखान्याला ते औषध बनवायची परवानगी आहे एवढे सांगतो. जाहिरातीतला दावा सिद्ध झाला आहे, असे तो सांगत नाही. मान्यताप्राप्त ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या आयुर्वेदिक औषधासाठी रुग्णांवरील नव्या चाचण्यांची अट नसते. कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे प्रोप्रायटरी औषधासाठी काही पुरावा मागितला जातो, पण नव्या ॲलोपॅथिक औषधाला लागणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या मोठ्या चाचण्यांएवढा नाही. याचा अर्थ आयुर्वेद खोटा असा नाही. तुमचे वैद्य नाडी, पथ्य, रिपोर्ट पाहून औषध देत असतील तर ती वेगळी गोष्ट. इथे प्रश्न आहे तो तुम्हाला न पाहता "कायमचा इलाज" विकणाऱ्या जाहिरातीचा.

आमच्या बाजूचेही सांगायला हवे. याच सुनावणीत न्यायालयाने आयएमएलाही स्वतःच्या घरात डोकावायला सांगितले. महागडी, अनावश्यक औषधे लिहिण्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. दातांच्या सेन्सोडाइन पेस्टच्या जाहिरातीत जगभरचे दंतवैद्य तिची शिफारस करतात, ती जगात पहिल्या क्रमांकाची आहे, असे म्हटले जाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्या जाहिराती बंद करायला लावल्या आणि १० लाख रुपये दंड केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दंडाची कमाल मर्यादाच १० लाख आहे, पुन्हा केल्यास ५० लाख. जाहिरात करणाऱ्या नटनट्यांवरही एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी घालता येते. देशभर चालणाऱ्या जाहिरातीच्या खर्चापुढे १० लाख किती, हे तुम्हीच ठरवा.

नावातच दावा असेल तर?

लहान मुले असलेल्या घरांनी हे लक्ष देऊन वाचावे. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस द्या, असे आम्ही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते आणि मीठ, पोटॅशियम, सायट्रेट ठरलेल्या प्रमाणात. हे प्रमाण असे, की आतड्यातून पाणी शरीरात ओढले जाते. मेडिकलच्या काउंटरवर मात्र वर्षानुवर्षे नावात "ओआरएस" असलेली फळांच्या चवीची गोड पेये टेट्रापॅकमध्ये मिळत होती. त्यांत साखर कितीतरी जास्त. जास्त साखरेने उलट पाणी आतड्यात खेचले जाते आणि जुलाब वाढू शकतात.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढा दिला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये अशा नावांना आक्षेप घेतला, पण जुलैमध्ये "हे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचे ओआरएस नाही" अशी सूचना वेष्टनावर छापली तर नाव चालेल, अशी सूट दिली. मोठ्या अक्षरात ओआरएस, बारीक अक्षरात "हे ओआरएस नाही". रात्री दोन वाजता रडणारे बाळ कडेवर घेऊन मेडिकलसमोर उभी असलेली आई कोणती अक्षरे वाचेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ही सूट काढून घेतली आणि सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असा उल्लेख पाहा. पाण्यात विरघळवायची साधी पावडर बहुधा स्वस्तही असते.

उशिराची किंमत शरीरात कशी वसूल होते

नियामकाला दोन वर्षे लागली तर बिघडले काय, असे वाटू शकते. बिघडते ते असे.

रक्तदाब आणि टाइप २ मधुमेह हे आजार सुरुवातीला दुखत नाहीत. गोळी बंद करून जाहिरातीतले औषध सुरू केले, तर पहिले काही आठवडे तुम्हाला छान वाटू शकते. गोळीचे किरकोळ त्रास थांबलेले असतात, आणि साखर किंवा दाब वाढल्याचे जाणवत नाही. मग तुम्हीच शेजाऱ्याला सांगता, "मला गुण आला." तुमचा अनुभव खोटा नसतो, पण तो मोजलेला नसतो. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, मेंदूच्या रक्तवाहिन्या यांचे नुकसान काही वर्षांत दिसते. म्हणजे जाहिरात बंद पडायला जेवढी वर्षे लागतात, तेवढ्यात नुकसान पक्के होऊ शकते.

टाइप १ मधुमेहात मात्र एवढाही वेळ मिळत नाही. हा बहुधा मुलांना आणि तरुणांना होतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. "इन्सुलिनपासून मुक्ती" वाचून इन्सुलिन थांबवले, तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ले साचतात. उलट्या, पोटदुखी, खोल जोराचा श्वास, गुंगी, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू. घरातल्या मुलाला टाइप १ असेल, तर आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांनाही हे एकदा समजावून ठेवा. जाहिरातीचे कात्रण बहुधा प्रेमाने त्यांच्याकडूनच येते.

फिट्सची गोळी अचानक बंद केल्यास लागोपाठ फिट्स येऊ शकतात. सांधेदुखीच्या काही "चमत्कारी" पुड्यांत छुपे स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर तीही एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मूतखड्याचे उलटे आहे. लहान खडे अनेकदा आपोआप पडतात, त्या काळात जो काढा चालू असतो तो श्रेय घेऊन जातो.

जाहिरात संशयास्पद वाटली तर

फोटो काढा. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख, वाहिनीचे नाव आणि वेळ, मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट आणि खात्याचे नाव. वेष्टनाचा फोटो घ्या, त्यात परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे राज्य दिसू द्या. वर यादीत दिलेल्या आजाराचे नाव जाहिरातीत असेल, तर तक्रारीत १९५४ च्या कायद्याचा उल्लेख जरूर करा. औषध काम करत नाही हे सिद्ध करत बसायची मग तुम्हाला गरज नाही. आजाराचे नाव आणि औषध एकत्र दिसणे हाच आक्षेप.

महाराष्ट्रात अशी तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ग्राहक म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मुंबईची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरात व्यवसायाची स्वतःची संस्था १९८५ पासून आहे आणि तीही तक्रारी घेते. ती दंड करू शकत नाही, पण जाहिरात मागे घ्यायला लावण्यात तिची मदत होते. उत्पादक दुसऱ्या राज्यातला असेल तर तक्रारीची प्रत त्या राज्याच्या परवाना अधिकाऱ्यालाही पाठवा. लेखी पाठवा आणि पोच ठेवा.

आणि घरात कुणी जाहिरात पाहून गोळी आधीच बंद केली असेल, तर न रागावता कधीपासून बंद आहे ते विचारून घ्या. साखर किंवा रक्तदाब आज मोजा, नवे औषध बाटलीसकट घेऊन डॉक्टरांकडे जा. जुनी गोळी त्याच डोसने पुन्हा सुरू करायची की नाही, हे किती दिवस बंद होती आणि आजचे आकडे काय आहेत यावर ठरते. काही गोळ्या पुन्हा कमी डोसपासून सुरू कराव्या लागतात. उलट्या, धाप, गुंगी, छातीत दुखणे किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काही असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.